भाडेपट्ट्यावरची जागा: घेताना, विकताना आणि मुदत वाढवताना कागद कसे तपासायचे

सोसायटीचा सचिव झाल्यापासून मी एक गोष्ट नेमाने करतो. फ्लॅट घ्यायला आलेलं कोणी कागदपत्रांची चौकशी करू लागलं, की कपाटातली एक जुनी फाईल काढून त्यांच्यापुढे ठेवतो. पिवळ्या पडलेल्या कागदावर टाइप केलेला दस्त, शेवटच्या पानाला चिकटवलेला नकाशा आणि त्यावर लाल रेषेने आखलेला आमचा भूखंड. हा जमिनीचा भाडेपट्टा. बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. फ्लॅटचं करारपत्र, शेअर सर्टिफिकेट, कर पावती सगळं त्यांच्या हातात असतं. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर मिळाली आहे, ते याच कागदात लिहिलेलं असतं.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ प्रमाणे भाडेपट्टा हा ठरावीक काळासाठी, मोबदला घेऊन दिलेला उपभोगाचा हक्क आहे. मालकी पट्टा देणाऱ्याकडेच राहते. म्हणून अशा जागेच्या प्रत्येक व्यवहारात घेणारा आणि विकणारा यांच्याशिवाय जमिनीचा मालक हा तिसरा पक्ष असतो, त्याने कुठे सही केलेली नसली तरी. पुढची सगळी काळजी या तिसऱ्या पक्षामुळेच घ्यावी लागते. मी महाराष्ट्रातल्या जागांबद्दल लिहितो आहे. दुसऱ्या राज्यात मुद्रांक आणि महसुलाचे नियम वेगळे असतात.

आधी जमीन कोणाची ते ओळखा

'लीजहोल्ड' म्हटलं की सगळे पट्टे सारखेच, असा समज असतो. मालक बदलला की नियम, फी आणि परवानगी देणारा अधिकारी, सगळंच बदलतं.

नवी मुंबईत सिडकोने भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेले भूखंडही पट्ट्याचेच, आणि ते बिल्डरकडे जाताना सहसा त्रिपक्षीय करार होतो. म्हाडाच्या वसाहतींमध्ये इमारतीचं विक्रीखत आणि जमिनीचा भाडेपट्टा असे दोन दस्त सोसायटीच्या नावे होतात. एकच दस्त दाखवला जात असेल तर दुसरा कुठे आहे ते विचारा. एमआयडीसीचे औद्योगिक भूखंड ९५ वर्षांचे. मुंबई महापालिकेकडे जुन्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या जमिनी आल्या. हा ट्रस्ट प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झाला होता, आणि पालिकेच्या मालमत्तांमध्ये ९९९ वर्षांचे पट्टेही सापडतात. याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेली शासकीय जमीन, बंदराची जमीन, देवस्थान किंवा धर्मादाय ट्रस्टची जमीन आणि खाजगी मालकाची जमीन, प्रत्येकीची तऱ्हा निराळी.

मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढा आणि त्यावरचा सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे ते, वाचा. 'भोगवटादार वर्ग-२' लिहिलेलं असेल तर तो पट्टा नव्हे, पण विक्रीवर बंधन असतंच. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेली विक्री शर्तभंग ठरते. 'शासकीय पट्टेदार' ही तिसरी गोष्ट. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की पुढचा सल्लाही चुकतो.

पट्ट्याचा मूळ दस्त वाचा, गोषवारा नव्हे

एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो, असं १८८२ च्या कायद्याचं कलम १०७ सांगतं. म्हणजे त्याचा दस्त क्रमांक असणार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रतही मिळणार. 'सोसायटीकडे असेल', 'बँकेकडे आहे' अशा उत्तरांवर थांबू नका. कित्येक ठिकाणी फक्त 'ॲग्रीमेंट टू लीज', म्हणजे पट्टा देण्याचा करार झालेला असतो आणि प्रत्यक्ष पट्टा वर्षानुवर्षं राहून गेलेला असतो. तो का राहिला, भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे, थकबाकीमुळे की वाढीव बांधकामामुळे, हे कळल्याशिवाय इसार देऊ नये.

दस्त हातात आला की सुरुवातीची तारीख शोधा. आमच्याकडे येणारे इथेच चुकतात. पट्ट्याचा काळ तुमच्या खरेदीपासून मोजला जात नाही, इमारत पूर्ण झाल्या तारखेपासूनही नाही. दस्तात जी तारीख लिहिली असेल तिथून तो सुरू होतो, आणि ती बहुधा बांधकामाच्या कितीतरी आधीची असते. समजा, दस्तात १ एप्रिल १९८५ पासून ६० वर्षं असं आहे. मुदत ३१ मार्च २०४५ ला संपते. फ्लॅट १९९१ मध्ये बांधून झाला असेल, तुम्ही २०२६ मध्ये घेत असाल, तरी तुमच्या हाती १९ वर्षंच येतात. गृहकर्ज मात्र २० वर्षांचं मागायला निघालेले असता. कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक हवीत, असं बँका बघतात. म्हणजे तुम्हाला कर्ज मिळालं नाही, तर उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही मिळणार नाही. किमतीची घासाघीस करताना हा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवा.

त्यानंतर भाड्याचं कलम. नाममात्र एक रुपया भाडं आहे, की ठरावीक वर्षांनी वाढणारं? वाढ कशाला बांधलेली आहे, ठरलेल्या टक्क्याला की बाजारमूल्याला? जुन्या नाममात्र भाड्याची सवय किती महागात पडू शकते याचं उदाहरण मुंबईतच आहे. राज्य शासनाच्या २०१२ च्या धोरणाने मुंबईतल्या शासकीय जमिनींचं पट्टाभाडं रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, दराशी जोडलं. वांद्रे रेक्लमेशनच्या सोसायट्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूळ वाढ वैध ठरवली, मात्र दर पाच वर्षांनी भाडं बदलण्याची तरतूद मान्य केली नाही.

वापराचं कलम पुढे येतं: निवासी, वाणिज्य, शैक्षणिक, औद्योगिक. तळमजल्यावर दवाखाना किंवा दुकान चालत असेल आणि पट्टा निव्वळ निवासी असेल, तर तो भंग विकत घेणाऱ्याच्या गळ्यात येतो. बांधकामाची मुदत पाळली नसेल तर अतिरिक्त अधिमूल्य थकलेलं असू शकतं. मोकळा किंवा अर्धवट बांधलेला भूखंड घेताना हे आधी विचारा.

हस्तांतरणाचं कलम आणि त्यातला धोका

याच १८८२ च्या कायद्याच्या कलम १०८(जे) प्रमाणे करारात मनाई नसेल तर पट्टेदार आपला हक्क विकू शकतो, गहाण टाकू शकतो, पोटपट्ट्याने देऊ शकतो. पण महामंडळं आणि शासन यांच्या पट्ट्यांत मनाई असतेच: 'पट्टाकर्त्याच्या (म्हणजे पट्टा देणाऱ्या मालकाच्या) लेखी पूर्वपरवानगीशिवाय' हे शब्द शोधा. त्यातला 'पूर्व' महत्त्वाचा आहे. विक्री आधी, परवानगी नंतर, हा क्रम चालत नाही.

पट्ट्याची अट मोडली आणि दस्तात जागा परत घेण्याची तरतूद असली, तर मालक लेखी नोटीस देऊन पट्टा संपुष्टात आणू शकतो. हे कलम १११(जी). कायद्यात पट्टेदाराला थोडा आधारही आहे. भाडं थकल्यामुळे काढायला निघाले तर कलम ११४ खाली थकबाकी, व्याज आणि खर्च भरून न्यायालयाकडे दिलासा मागता येतो. इतर अटींचा भंग सुधारण्याजोगा असेल तर सुधारायची संधी देणारी नोटीस कलम ११४-ए मागतं. पण विनापरवानगी हस्तांतरण किंवा पोटभाडेकरू ठेवणं हे भंग ११४-ए मधून स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणून ना हरकत दाखल्याच्या बाबतीत 'बघू, नंतर करून घेऊ' म्हणणाऱ्यावर विसंबणं मला मुळीच पटत नाही. शासकीय पट्ट्यांना याखेरीज जमीन महसूल संहितेच्या तरतुदी आणि मंजुरीच्या आदेशातल्या अटीही लागतात. तो आदेश पट्ट्यासोबत वाचायचा.

मालकीची साखळी

वाटपपत्रापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक कडी कागदावर जुळली पाहिजे. दर हस्तांतरणाला तीन गोष्टी: नोंदणीकृत दस्त, पट्टाकर्त्याची परवानगी आणि त्याच्या दप्तरी झालेली नावनोंदणी. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, सूची क्रमांक दोनचे (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या नोंदीचे) उतारे स्वतः डोळ्यांखालून घाला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकील तुमचा हवा. विक्रेत्याचा किंवा एजंटाने 'फुकट' दिलेला नको.

साखळीत मुखत्यारपत्र दिसलं तर तिथे थांबा. हस्तांतरण शुल्क वाचवायला मूळ वाटपधारकाने मुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबा पावती देऊन जागा सोडायची, घेणाऱ्याने तीच कागदं पुढच्याला द्यायची, असे व्यवहार पट्ट्याच्या जागांमध्ये पूर्वी सर्रास झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. पट्टाकर्त्याच्या दप्तरी अजून पहिल्याच माणसाचं नाव असतं; तो हयात नसेल तर त्याचे सगळे वारस शोधावे लागतात, आणि मुखत्यारपत्र तर देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारणपणे संपतं. अशी जागा घ्यायचीच असेल तर आधी विक्रेत्याने आपलं नाव त्याच्या खर्चाने नियमित करून घ्यावं आणि मग तुमच्याशी करार करावा.

वारसाने आलेल्या जागेत नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेवा. नॉमिनी एकटी सही करायला तयार असली तरी बाकीच्या वारसांची हक्कसोड किंवा संमती नोंदणीकृत स्वरूपात मागा.

खरेदीचा क्रम

इसाराची रक्कम लहान ठेवा आणि साठेखतात लिहून घ्या की पट्टाकर्त्याची परवानगी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर पैसे परत मिळतील. हस्तांतरण शुल्क कोण भरणार, जुनी थकबाकी आणि व्याज कोणाचं, परवानगी देताना मालकाने नवी रक्कम मागितली तर ती कोणाच्या वाट्याला, हे याच टप्प्यावर शब्दांत मांडलेलं बरं. नुसतं 'सर्व शुल्क निम्मं-निम्मं' लिहिलं की भांडण ठरलेलं. शासकीय जमिनीत अनर्जित उत्पन्नातला, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला, शासनाचा हिस्सा भरावा लागला तर तो आकडा फार मोठा असतो.

मग सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि पट्टाकर्त्याकडे हस्तांतरणाचा अर्ज. कर्ज असेल तर गहाणासाठी वेगळी ना हरकत लागते. विक्रीच्या परवानगीत ती आपोआप येत नाही. परवानगीपत्र हातात आलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्याला स्वतःची मुदत असते, आणि त्या मुदतीत दस्त नोंदवून प्रत सादर केली नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

अंतिम दस्ताला नाव काय द्यायचं, यावर गोंधळ होतो. सोसायटीतला फ्लॅट असेल तर फ्लॅटचं आणि शेअर्सचं हस्तांतरण होतं. जमिनीचा पट्टा सोसायटीच्याच नावे राहतो. स्वतंत्र भूखंड, बंगला किंवा गाळ्याचा पट्टा विक्रेत्याच्या नावे असेल तर पट्ट्याच्या हक्काचं अभिहस्तांतरण (असाइनमेंट) होतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अशा अभिहस्तांतरणाला विक्रीखताप्रमाणेच बाजारमूल्यावर शुल्क लागतं. नवा पट्टा करत असाल तर शुल्क मुदतीवर ठरतं: २९ वर्षांपेक्षा जास्त किंवा कायमचा पट्टा असेल तर बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर विक्रीखताच्या दराने. नूतनीकरणाचा काळ दस्तातच ठरवून दिलेला असेल तर तोही मुदतीत धरला जातो. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर करासाठी भारतात निवासी असलेल्या विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापायचा. विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तिथे सनदी लेखापालाला विचारूनच पैसे द्या.

नोंदणी झाली की काम संपलं, असं वाटतं. पट्टाकर्त्याच्या दप्तरी, सोसायटीच्या नोंदवहीत, मालमत्ता कराच्या नोंदीत आणि जिथे लागू असेल तिथे मालमत्ता पत्रकावर नाव चढेपर्यंत फाईल बंद करू नका.

बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या जमिनीचा पट्टा आणि वकिलाचा मालकी अहवाल पाहता येतो. 'हा भाडेपट्टा आहे, विक्री नाही, म्हणून रेरा लागू नाही' असं कोणी म्हटलं तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा लवासा प्रकरणातला निकाल दाखवा. जवळजवळ पूर्ण किंमत घेऊन ९९९ वर्षांच्या पट्ट्याने घर देणाऱ्यालाही रेरा लागू होतो, असं त्यात ठरलं.

विकणाऱ्यासाठी

गिऱ्हाईक शोधण्याआधी सहा महिने कागद लावायला घ्या. पट्ट्याची प्रमाणित प्रत, भाड्याच्या आजवरच्या पावत्या, मागच्या हस्तांतरणांच्या परवानग्या, भोगवटा प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. बाल्कनी बंद केली असेल, पोटमाळा चढवला असेल तर खरेदीदारापासून लपवू नका. परवानगीच्या वेळी पाहणी झाली तर ते उघडं पडतंच, आणि तोपर्यंत तुम्ही इसार खर्च केलेला असतो.

सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ही मर्यादा सोसायटीच्या रकमेची आहे. पट्टाकर्त्याचं शुल्क वेगळं, आणि ते त्याच्या दरपत्रकाप्रमाणे.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पट्टा दुसऱ्याच्या नावे केला म्हणून मूळ पट्टेदार केवळ तेवढ्याने जबाबदारीतून सुटत नाही, असं कलम १०८(जे) मध्येच आहे. त्यामुळे नवा पट्टेदार मालकाने स्वीकारल्याचं लेखी पत्र घ्या आणि जपून ठेवा.

मुदत वाढवताना

इथे दोन शब्द नीट वेगळे ठेवा: मुदतवाढ आणि नूतनीकरण. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एका निकालात हा फरक समजावला आहे. मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो. नूतनीकरणात नवा पट्टा करावा लागतो. तुमच्या दस्तात कोणता शब्द आहे आणि कोणाचा अधिकार लिहिलेला आहे, ते बघा.

आमच्या फाईलमधलं कलम वाचायला समितीचे आम्ही पाच जण एका संध्याकाळी टेबलाभोवती बसलो होतो. वाक्य जवळजवळ अर्धं पान लांब. त्यातून निघालं ते असं: अटी पाळलेल्या असतील, मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळ आधी लेखी विनंती केली असेल, तर मालक 'त्याला योग्य वाटेल त्या भाड्याने व अटींवर' पट्टा नवा करून देईल. म्हणजे हक्क होता, पण तीन गाठी मारलेला. अटी पाळल्याचा पुरावा आम्हालाच उभा करायचा होता, विनंतीची तारीख चुकली तर हक्कच बुडणार होता, आणि भाडं जुन्या आकड्यावर राहण्याची काहीच हमी नव्हती. काही दस्तांत 'देईल' ऐवजी 'देऊ शकेल' असतं. तिथे पट्टेदाराला मागण्याचा अधिकार असतो, मिळण्याचा नाही. तुमचा दस्त घेऊन हे क्रियापद आजच शोधा.

सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि खर्चाची तरतूद आधी करा. मग सभासदांची यादी मूळ वाटपाशी ताडून पाहा. आमच्या अर्जाला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. काही फ्लॅट दोन-तीनदा विकले गेले होते आणि मधली परवानगी कुणीच घेतली नव्हती. ती हस्तांतरणं शुल्क भरून नियमित होईपर्यंत पूर्ण इमारतीचा अर्ज पुढे सरकला नाही. एका घराच्या कागदांमुळे बाकीच्यांना थांबावं लागतं, म्हणून हे काम मुदतीच्या पाच-सात वर्षं आधी हाती घ्या. अर्ज पोचपावतीसह द्या, प्रत्येक पत्रव्यवहाराची प्रत ठेवा.

मुदत संपून गेली असेल तर? भाडं भरणं थांबवू नका. मुदतीनंतर मालकाने भाडं स्वीकारलं किंवा राहू देण्यास संमती दिली तर कलम ११६ प्रमाणे पट्टा चालू धरला जातो, पण निवासी जागेत तो महिन्या-महिन्याचा समजला जातो. त्यावर कर्ज मिळणं अवघड, पुनर्विकास त्याहून अवघड. पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर नव्या पट्ट्याची मुदत आधी पक्की करा. वीस मजली इमारत बांधून तिच्या जमिनीची बारा वर्षं उरलेली, अशी अवस्था ओढवून घेऊ नका.

शासकीय जमिनीसाठी आणखी एक वाट आहे. शासनाच्या रूपांतरणाच्या नियमांनी वर्ग-२ आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या काही जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१, म्हणजे विक्रीच्या बंधनातून मोकळ्या, करता येतात. त्याचे दर आणि सवलतीच्या मुदती शासनाने वेळोवेळी बदलल्या आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्या. नूतनीकरणाचं पुढच्या तीस वर्षांचं भाडं आणि रूपांतरणाची एकरकमी रक्कम, दोन्ही प्रति सभासद काढून सभेपुढे ठेवा. आमच्याकडे आधी आकडे न देता चर्चा झाली तेव्हा तीन सभा वाया गेल्या. आकडे फळ्यावर लिहिले त्या रात्री ठराव झाला.

नवा दस्त झाला की तो वाचण्याचं काम पुन्हा पहिल्यासारखंच: सुरुवातीची तारीख, भाडेवाढ, वापर, हस्तांतरण, पुढचं नूतनीकरण. मुद्रांक भरून नोंदणी करा, मालमत्ता पत्रकावर फेरफार नोंदवून घ्या, प्रमाणित प्रती काढून एक सोसायटीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि पुढच्या विनंतीची अखेरची तारीख फाईलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तेव्हा समितीवर दुसरी माणसं असतील.